सात इंचांचा हिशोब

डिस्कॉर्ड या वॉशिंग्टनच्या कंपनीची जुनी रेकॉर्ड हातात आली की आधी तिचं पाकीट उलटं करावं. मागच्या बाजूला नाहीतर लेबलवर कुठेतरी बारीक अक्षरांत एक ओळ सापडते: ही रेकॉर्ड अमुक डॉलरना, टपालखर्च धरून. आपल्याकडे बिस्किटाच्या पुड्यावरही कमाल किंमत छापलेली असते, त्यामुळे आपल्याला त्यात काही विशेष वाटत नाही. अमेरिकेत तसा नियम नाही, दुकानदार लावेल तो भाव. तिथे पाकिटावर आकडा छापणं म्हणजे दुकानदाराचा हात धरून ठेवणं. शिवाय ज्या गावात असलं दुकानच नाही, तिथल्या पोरालाही कळायचं की लिफाफ्यात किती नोटा घालून पाठवायच्या.

हार्डकोर पंक, म्हणजे पंक रॉकचा जास्त वेगवान आणि आक्रमक अवतार, त्याचं वेड लागलेली माणसं त्या ओळीवर गाण्याइतकाच जीव टाकतात. बाहेरच्याला हे चमत्कारिक वाटतं. दीड मिनिटाचं गाणं, तेही ओरडून म्हटलेलं, आणि माणूस भिंग घेऊन बघतोय काय, तर किंमत आणि डिंकाचा डाग! पण हे संगीत पसरलं ते दोन स्वस्त वस्तूंवरून: सात इंची रेकॉर्ड आणि झेरॉक्स काढून पिना मारलेलं झीन, म्हणजे हौशी, घरगुती मासिक. दोन्ही वस्तू हिशोबातून जन्मल्या. एका बाजूवर किती मिनिटं मावतात, किती प्रती परवडतात, चारने भाग जाईल अशी किती पानं भरता येतात. तो हिशोब वाचायला आला की ढिगातली प्रत्येक रेकॉर्ड बोलायला लागते.

डिस्कॉर्डची पहिली रेकॉर्ड घ्या. टीन आयडल्स नावाचा शाळकरी वयातल्या चौघांचा बँड १९८० साली फुटला तेव्हा त्यांच्याकडे कार्यक्रमांचे साठवलेले सुमारे ६०० डॉलर होते, सिगारच्या एका डब्यात. चौघांत वाटले असते तर माणशी दीडशे. त्यांनी वाटण्याऐवजी आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवलेल्या आठ गाण्यांची सात इंची रेकॉर्ड काढली. हजार प्रती. ध्वनिमुद्रण डॉन झिएंटारा यांच्या इनर इअर स्टुडिओत झालेलं. स्टुडिओ म्हणजे तेव्हा पोटोमॅक नदीपलीकडे आर्लिंग्टनमधल्या त्यांच्या राहत्या घरातली जागा. रेकॉर्ड कशी छापून घ्यायची हे सांगायला स्किप ग्रॉफ होते. वॉशिंग्टनजवळच्या रॉकव्हिलमध्ये त्यांचं रेकॉर्डचं दुकान होतं आणि या पोरांना वाट दाखवणाऱ्या मोजक्या मोठ्या माणसांपैकी ते एक.

तबकड्या कारखान्यातून आल्या, पण पाकिटं छापून, घडी घालून, चिकटवून घ्यायची तर पैसे पुरेनात. मग एका जुन्या सात इंची पाकिटाची चिकटवलेली कड सोडवली, ते सपाट पसरलं, त्याची बाह्यरेषा कागदावर काढून घेतली आणि त्या आराखड्यावर चित्र बेतून छापखान्यातून नुसते सपाट कागद छापून आणले. कापणं, घडी घालणं, डिंक लावणं घरी. पुढच्या रेकॉर्डींनाही हेच झालं आणि हाताने चिकटवलेल्या पाकिटांची संख्या हजारांत गेली. म्हणून या सुरुवातीच्या पाकिटांच्या कडा एकसारख्या नसतात. कात्री कुठे मिलिमीटरभर आत गेलेली, कुठे चिकटपट्टी तिरकी बसलेली. डिंक जास्त झाला तर तो आत उतरतो आणि तबकडी पाकिटाला चिकटते. कमी झाला तर दोन वर्षांत कड सुटते. ज्याने कधी लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याला बसून लिफाफे चिकटवले आहेत त्याला हे वेगळं सांगायला नको.

आता मिनिटांकडे. सात इंची तबकडीवर खाच कोरायला मिळते ती साधारण १६८ मिलिमीटर व्यासापासून आत १०८ मिलिमीटरपर्यंत. मिनिटाला ४५ फेरे या वेगाने फिरवली तर बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ४० सेंटिमीटर खाच जाते, आतल्या कडेला २५. वेग ३३ केला तर तेच आकडे २९ आणि १९ होतात. एका सेकंदाच्या आवाजाला जितकी लांब खाच, तितका तपशील तिच्यात मावतो. झांजेचा छणछणाट, ‘स’ आणि ‘श’ यांची धार हे सगळं बारीक वळणांचं काम. जागा कमी पडली की ही वळणं इतकी आखूड होतात की सुईचं टोक त्यांत शिरत नाही, नुसतं वरून घासत जातं. आपल्याला ऐकू येतो तो फाटलेला ‘स’. म्हणून बाजूचं शेवटचं गाणं कुठलं ठेवायचं हा कलेपेक्षा भूमितीचा प्रश्न आहे. झांजा कमी आणि गिटार जाड असलेलं गाणं आत टाकावं. ड्रमरला ते पटत नाही, पण त्याला विचारू नये.

४५ वर दणदणीत आवाज हवा असेल तर बाजूला चार, फार तर साडेचार मिनिटं धरायची. ३३ वर सहा. त्यापुढे गेलं की खाचा एकमेकींजवळ आणाव्या लागतात, त्यासाठी त्यांचं डोलणं कमी करावं लागतं, म्हणजेच आवाज खाली येतो आणि पृष्ठभागाची खरखर वर येते. हार्डकोरची यात एक खास गोची आहे. शास्त्रीय गाण्यात किंवा जॅझमध्ये आवाज चढतो-उतरतो. उतरला की खाच अरुंद होते आणि कोरणारा तिथे जागा वाचवतो. इथे गिटार पहिल्या सेकंदापासून शेवटच्यापर्यंत एकाच उंचीवर भिंतीसारखी उभी, वाचवायला जागाच नाही. फायदाही आहे म्हणा. गाणं नव्वद सेकंदांचं आणि दोन गाण्यांमधली शांतता दोन सेकंदांची, त्यामुळे खरखर ऐकू येते ती तेवढ्या दोन सेकंदांपुरतीच.

मायनर थ्रेट या बँडची १९८१ ची पहिली सात इंची बघा. आठ गाणी, ४५ चा वेग, दोन्ही बाजू मिळून नऊ-साडेनऊ मिनिटं. म्हणजे बाजूला साडेचार मिनिटांहून थोडी जास्त, मर्यादेला टेकलेली. त्यातलं व्यसनांना नकार देणारं जे गाणं पुढे जगभरच्या एका अख्ख्या चळवळीचं नाव बनलं, ते ४६ सेकंदांचं आहे. गाणी आखूड होती म्हणून सात इंचांत मावली, की सात इंच डोळ्यासमोर होते म्हणून आखूड राहिली? दोन्ही. ज्याला एलपी परवडत नाही तो कडवं दोनदा म्हणत नाही.

कोरण्याचं काम होतं ते ॲल्युमिनियमच्या चकतीवर चढवलेल्या लॅकरच्या थरात. आवाज वाजत असतो तसतसा, त्याच वेळात. त्या मऊ चकतीवर चांदीचा पातळ थर फवारतात, मग निकेल चढवतात, आणि हे निकेल सोलून काढलं की उलटा ठसा मिळतो. त्याच्यापासून सुलटी ‘मदर’, मदरपासून छापणारे ‘स्टॅम्पर’. एका स्टॅम्परमधून ढोबळमानाने हजारभर चांगल्या तबकड्या निघतात. पीव्हीसीचा गरम गोळा, वर-खाली लेबलं, मग दाब, वाफ, लगेच थंड पाणी, आणि अर्ध्या मिनिटाच्या आत रेकॉर्ड तयार. सात इंचीचं वजन चाळीस-बेचाळीस ग्रॅम. फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या बॅनिंगचा अपोलो मास्टर्स हा लॅकर चकत्यांचा कारखाना जळाला तेव्हा जगात असा दुसरा एकच कारखाना उरला होता, जपानमध्ये. एवढ्या बारीक दोऱ्यावर हा सगळा संसार लटकलेला आहे.

लेबलाला डिंक नसतो, ते दाबानेच तबकडीत बसतं. हे पुष्कळांना माहीत नसतं. लेबलं आधी भट्टीत सुकवावी लागतात. कागदात ओल राहिली तर साच्यात तिची वाफ होते आणि लेबलाखाली फोड येतो. मध्यभागी पापुद्रा आलेली रेकॉर्ड दिसली की समजावं, माल घाईचा होता. दुसरा दोष भोक सरकण्याचा. अर्ध्या मिलिमीटरनेही केंद्र चुकलं तर लांबवलेला सूर वर-खाली डुलतो. बासरीच्या रेकॉर्डवर हे असह्य होईल. इथे सूर लांबवतंय कोण? तिसरा दोष मात्र छळतो: गोळा पुरेसा गरम नसला तर पीव्हीसी खाचेच्या भिंतीत नीट भरत नाही आणि वाजताना चेन ओढल्यासारखा चर्र आवाज येतो, तोही बहुधा एकाच बाजूच्या स्पीकरमधून. ती धूळ नाही. कितीही पुसा, जाणार नाही. अशी प्रत परत करावी.

आणि वेगाचा घोळ. सात इंची म्हणजे ४५ असं आपण धरून चालतो, पण जास्त गाणी कोंबण्यासाठी कितीतरी हार्डकोर रेकॉर्डी ३३ वर कोरलेल्या आहेत, आणि लेबलवर तसं छापायला बँड विसरलेला असतो. इतर संगीतात चूक लगेच कळते. इथे ४५ वर लावलेली ३३ ची रेकॉर्ड एखादा माणूस महिनाभर समाधानाने ऐकू शकतो. खूण गायकाच्या आवाजात शोधावी. तो चिरका, पण माणसाचा वाटला तर ठीक. खारीचा वाटला तर वेग बदला. बहुतेक अमेरिकन सात इंचींचं मधलं भोक दीड इंचाचं असतं, त्याला प्लॅस्टिकची चकती लागते. अशा दहा घेऊन ठेवाव्यात, कारण त्या हरवतातच.

खाच संपल्यावर लेबलापर्यंत जो काळा गुळगुळीत पट्टा राहतो, त्यावर सुईने खरवडलेले आकडे असतात. दिव्याखाली तिरकी धरली की दिसतात. त्यात रेकॉर्डचा क्रमांक, बाजू, कधी कोरणाऱ्याची सही, कधी बँडने लिहायला सांगितलेला चावट शेरा. चोरटी आवृत्ती ओळखायची पहिली जागा हीच. पाकीट हुबेहूब छापता येतं, हा पट्टा तितका सहज नकलता येत नाही. पाकिटावर भिंग धरलं तर दुसरी खूण दिसते. मूळ फोटो ठिपक्यांचा होता, त्याचा पुन्हा फोटो काढून ठिपक्यांत छापला की ठिपक्यांवर ठिपके बसून लाटांसारखी जाळी तयार होते. चांगल्या नकलाही इथे सापडतात.

प्रतींचे आकडे ऐकून मात्र कुणाचाही विश्वास बसत नाही. मिशिगनमधल्या टच अँड गो या झीनच्या मंडळींनी १९८१ साली रेकॉर्डी काढायला सुरुवात केली. नेक्रॉस या बँडच्या पहिल्या सात इंचीच्या १०० प्रती, द फिक्सच्या २००. आज त्या हजारो डॉलरना जातात. व्यवहार म्हणून हा वेडेपणाच होता. कोरणं आणि स्टॅम्पर बनवणं यांचा खर्च शंभर प्रतींना जितका, तितकाच हजार प्रतींना. शंभरच काढल्या तर प्रत्येकीच्या माथी तो दसपट बसतो. पण शंभर ओळखीचे लोक आहेत आणि हजार नाहीत, हे ज्याला ठाऊक असतं तो शंभरच काढतो.

उलट बाजूचा किस्सा इंग्लंडमधल्या क्रासचा. हा बँड हार्डकोरच्या थोडा आधीचा, पण पाकिटावर किंमत छापायचं बाळकडू पुष्कळांनी यांच्याकडूनच घेतलं. त्यांच्या पहिल्या रेकॉर्डच्या नावातच पाच हजारांचा आकडा आहे, कारण कारखाना त्याहून कमी प्रती काढायला तयार नव्हता. शिवाय पहिल्या गाण्यातला धर्मावरचा हल्ला ऐकून आयर्लंडमधल्या कारखान्यातल्या कामगारांनी रेकॉर्ड छापायलाच नकार दिला. बँडने गाणं काढलं आणि त्याच्या जागी तितकीच शांतता ठेवली. पुढे १९७९ साली तेच गाणं त्यांनी स्वतःच्या जोरावर सात इंचीवर आणलं आणि किंमत ठेवली ४५ पेन्स, बाजारभावाच्या निम्मी. त्यात विक्रीकर धरायचा राहून गेला. म्हणजे जितक्या प्रती खपल्या, तितक्या प्रतींवर तोटा. सत्तेविरुद्ध इतकं लिहिणाऱ्यांनी कराचं कोष्टक मात्र वाचलं नव्हतं.

झीनला मराठीत काय म्हणावं? अनियतकालिक. याहून नेमका शब्द इंग्रजीतही नाही. साठच्या दशकातल्या आपल्या ‘असो’, ‘येरू’ वगैरे लघुअनियतकालिकांना हे नाव मिळालं आणि पंकच्या मंडळींनी त्यांचं नावही ऐकलेलं नव्हतं, पण प्रस्थापित मासिकं आपलं छापणार नाहीत, मग आपणच छापू, हा हट्ट तोच. इकडे चक्रमुद्रण नाहीतर ओळखीचा छापखाना, तिकडे झेरॉक्स. आणि पुढचा अंक कधी, या प्रश्नाला दोन्हीकडे उत्तर एकच: पैसे जमतील तेव्हा.

लंडनमध्ये १९७६ च्या जुलैत निघालेलं ‘स्निफिन ग्लू’ हे या जातीचं सर्वांत गाजलेलं झीन. गिटारचे तीन कॉर्ड काढून ‘आता बँड काढा’ असं सांगणारं ते प्रसिद्ध चित्र त्याच्याच नावावर खपवलं जातं, पण ते मुळात ‘साइडबर्न्स’ नावाच्या दुसऱ्या झीनमधलं. अमेरिकेत लॉस एंजेलिसला ‘फ्लिपसाइड’, आणि सगळ्यांत दांडगं ‘मॅक्सिमम रॉकनरोल’. ते आधी रेडिओवरचा कार्यक्रम होतं, १९७७ पासून, बर्कलीच्या केपीएफए केंद्रावर, टिम योहानन यांचं. छापील रूप आलं १९८२ मध्ये, तेही ४७ बँडच्या एका जोड-एलपीसोबतची पुस्तिका म्हणून. मग दर महिन्याला वर्तमानपत्री कागदावर, चालवणारे सगळे बिनपगारी, थेट २०१९ पर्यंत. त्यांच्याकडे परीक्षणाला आलेल्या रेकॉर्डी जपून ठेवत आणि पाकिटांच्या कडांना हिरवी चिकटपट्टी लावत. कुठे बाजारात हिरव्या पट्टीची रेकॉर्ड दिसली तर ती कुणाच्या कपाटातून उचलली गेली हे ओळखू यावं, म्हणून.

त्या मासिकाचा खरा जीव मुलाखतींत नव्हता. तो होता परीक्षणाच्या शेवटी छापलेल्या पत्त्यात, आणि गावोगावच्या पोरांनी लिहून पाठवलेल्या वृत्तांतांत. फिनलंडच्या उत्तरेला, स्वीडनच्या हद्दीवर तोर्नियो नावाचं गाव आहे. तिथल्या तेर्वेत कॅदेत या बँडच्या रेकॉर्डी ब्राझीलमध्ये साओ पाउलोला पोचल्या त्या कुठल्या मोठ्या कंपनीच्या जहाजातून नाहीत. पोस्टातून. पाच ओळींचं परीक्षण, खाली पत्ता.

आता झीन प्रत्यक्ष कसं बनतं ते. सोळा पानांचं धरा, म्हणजे चार ए-फोर कागद मधोमध दुमडून. सगळ्यात बाहेरच्या कागदावर एका बाजूला १६ आणि १, मागे २ आणि १५. पुढच्यावर १४ आणि ३, मागे ४ आणि १३. मग १२ आणि ५, मागे ६ आणि ११. आतल्यावर १० आणि ७, मागे ८ आणि ९. शेजारी येणाऱ्या दोन पानांची बेरीज नेहमी १७ असते. ही बेरीज जुळली की मांडणी बरोबर. छापखान्यातली माणसं हे झोपेतही करतात. पहिल्यांदा करणारा हमखास ८ आणि ९ सोडून सगळं चुकवतो. आधी चार कोरे कागद दुमडून, पानांवर पेन्सिलीने आकडे टाकून नमुना करावा आणि मगच चिकटवायला बसावं. पानांची संख्या चारच्या पटीतच लागते. अठरा पानांचा मजकूर झाला तर दोन पानं कापायची किंवा दोन पानांचं काहीतरी भरताड शोधायचं. झीनमध्ये शेवटी एखादं विचित्र कोडं, स्वयंपाकाची कृती किंवा मांजराचा फोटो दिसला तर त्यामागे बहुधा हाच चारचा पाढा असतो.

मूळ पान ए-फोरवर बनवून झेरॉक्सवर ७१ टक्के लहान केलं की ए-फाइव्ह होतं. त्यात चुका लपतात, कडा सुबक दिसतात. पण बारा पॉइंटांचा टाइप साडेआठवर येतो, त्याहून बारीक लिहू नये. चारी बाजूंना किमान सहा मिलिमीटर जागा सोडावी, कारण मशीन कडेपर्यंत छापत नाही आणि गाण्याच्या ओळींची पहिली अक्षरं खाते. कात्रणांच्या कडांची सावली पडते ती करड्या रेघेसारखी छापली जाते. तिथे पांढरी शाई फिरवावी. गोंद पातळ आणि ओला नको, कागद सुरकुततो आणि त्या सुरकुतीचीही झेरॉक्स निघते. गोंदाची कांडी बरी.

फोटो सरळ झेरॉक्सला लावला तर चेहरा पांढरा आणि केस काळे, मधलं काही उरत नाही. म्हणून फोटो आधी ठिपक्यांत स्क्रीन करून घ्यायचा, वर्तमानपत्राला चालतो तसा, इंचाला ६५ नाहीतर ८५ ओळींचा. मशीनला मग काळा ठिपका किंवा कोरा कागद इतकंच बघायचं असतं. जुन्या मशीनचा आणखी एक स्वभाव होता. मोठा काळा भाग दिला तर त्याच्या कडा गडद यायच्या आणि मधला भाग विटका. कारण त्या मशीनमध्ये पावडर ओढली जाते ती काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर, विजेचा भार तिथे एकदम बदलतो म्हणून. प्रतीची प्रत, तिची पुन्हा प्रत काढली की राखाडी रंग नाहीसा होतो, रेघा जाड होतात, चेहरे मुखवट्यासारखे दिसतात. हार्डकोरचं ते जे दणकट काळं-पांढरं रूप म्हणून आज टी-शर्टांवर मिरवतात, त्याच्या मुळाशी ही पावडर आहे. ब्लॅक फ्लॅग या बँडसाठी रेमंड पेटिबॉन यांनी काढलेली जाड शाईची चित्रं झेरॉक्सच्या दहा पिढ्या पचवतात, आणि त्या बँडची खूण म्हणजे चार काळे पट्टे. रंगाचा ब्रश कसाही धरला तरी भिंतीवर बरोबर उमटते. चित्रकाराने मशीनचा स्वभाव ओळखला होता.

पिना मारायला लांब हाताचा स्टेपलर लागतो, साध्याचा जबडा घडीपर्यंत पोचत नाही. नसेल तर साधा स्टेपलर पूर्ण उघडावा, अंक पालथा करून जाड पुठ्ठ्यावर ठेवावा, घडीवर दाबून पिन पुठ्ठ्यात घुसवावी, मग अंक उचलून आतल्या बाजूने पिनेची टोकं चमच्याच्या पाठीने मिटवावीत. चाळीस प्रतींना तासभर लागतो आणि एक तरी बोट सोलवटतं. पानं वाढली की आतले कागद बाहेर डोकावायला लागतात. चाळीसच्या पुढे गेल्यास कडा कापून घ्याव्यात किंवा ते डोकावणं तसंच ठेवावं. मला ते तसंच आवडतं.

पैसे पोस्टाने यायचे. नोट कार्बन पेपरमध्ये गुंडाळायची, म्हणजे लिफाफा उजेडात धरला तरी दिसत नाही. देशाबाहेरून आंतरराष्ट्रीय उत्तर कूपन यायचं, ते पोस्टात दिलं की उत्तरासाठीची तिकिटं मिळायची. पोस्टाच्या तिकिटावर साबण किंवा गोंद फासून, शिक्का धुऊन ती पुन्हा वापरायची युक्तीही सर्रास चाले. पत्राच्या शेवटी ‘तिकिटं परत पाठव’ असं लिहिलेलं असायचं. गुन्हाच तो, पण दोन आण्यांच्या हिशोबावर उभ्या असलेल्या धंद्यात तिकीट हाच मोठा खर्च होता. कॅलिफोर्नियातलं ‘हार्टअटॅक’ हे १९९४ ते २००६ चाललेलं झीन तर याच हिशोबातून एक पाऊल पुढे गेलं. ज्या रेकॉर्डवर बारकोड असेल तिचं परीक्षणच करायचं नाही. बारकोड म्हणजे मोठ्या दुकानांच्या साखळीत शिरायची तयारी. काळ्या रेघांचा एक चौकोन बघून माणसाची बाजू ठरवायची हे मला आजही जरा अतीच वाटतं. पण निदान नियम असा होता की वाचणाऱ्याला तो डोळ्यांनी तपासता यायचा.

परदेशातून अशा रेकॉर्डी मागवायच्या असतील तर विकणाऱ्याला एक गोष्ट आवर्जून लिहावी: तबकडी पाकिटातून बाहेर काढून, पाकिटाच्या मागे वेगळी ठेवून पाठवा. आत राहिली तर पार्सल आपटलं की तबकडीची धार पाकिटाची वरची कड फाडते. दोन्ही बाजूंना पन्हळी पुठ्ठा, एकाच्या पन्हळी उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे कुठल्याच बाजूने वाकत नाही.

खरी कसोटी लागते ती आपल्या पावसाळ्यात. मुंबई, कोकण, गोवा इथे जुलैत हवेतली आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांवर असते, आणि कागदाला हवी असते पंचेचाळीस-पन्नास. बुरशी पीव्हीसी खात नाही. ती खाते पाकिटाचा कागद, डिंक, आणि तबकडीवरचे बोटांचे तेलकट ठसे. म्हणून आतलं कागदी पाकीट काढून ठेवावं आणि तबकडी पॉलिथिनच्या पिशवीत ठेवावी. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास भाजून परत घालाव्यात. बुरशी आलीच तर गॅलरीत जाऊन, नाकाला फडकं बांधून, डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडं आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून खाचेच्या दिशेने पुसावी, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने. हेच मिश्रण आजोबांच्या ७८ च्या तबकड्यांना चुकूनही लावू नये. त्या लाखेच्या असतात आणि अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. विदर्भात प्रश्न उलटा. एप्रिलमध्ये बंद गाडीच्या सीटवर अर्धा तास विसरलेली रेकॉर्ड बशी होऊन परत येते.

झीनचं दुखणं वेगळं. वर्तमानपत्री कागदात लिग्निन असतं, तो उजेडात पिवळा पडून ठिसूळ होतो. अंधार द्या, लॅमिनेशन करू नका. आणि स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या त्या चकचकीत मऊ प्लॅस्टिकच्या फाइली तर अजिबात नकोत. मार्कशीटची झेरॉक्स अशा फाइलीला चिकटून अर्धी अक्षरं प्लॅस्टिकवर उतरलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं तेलासारखं द्रव्य झेरॉक्सची पावडर विरघळवतं. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्या घ्याव्यात. त्यांना वास येत नाही, ही त्यांची ओळख.

पिना मात्र गंजणारच. गंजाचा तांबूस डाग पसरायच्या आत त्या काढाव्यात, ओढून नाही. पातळ सुरीने टोकं सरळ करायची आणि मागून सोडवायची. मग सुती दोऱ्याने शिवायचं, किर्दीच्या जुन्या वह्या शिवायचे तसं. घडीवर तीन भोकं, सुई मधल्या भोकातून आतून बाहेर, वरच्यातून आत, मधलं सोडून थेट खालच्यातून बाहेर, परत मधल्यातून आत. दोऱ्याची दोन टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन गाठ. ती गाठ मधल्या जोडपानावर येते आणि तिथे बहुतेक झीनमध्ये कार्यक्रमाचा मोठा फोटो असतो. त्यामुळे दुरुस्त केलेल्या अंकांतला कुणी ना कुणी गायक पोटावर दोऱ्याची गाठ घेऊन माइकमध्ये ओरडत असतो.